पदार्थ फोडत फोडत गेलो तर शेवटी हाती काय लागतं?

रानजाई

गेले आठ दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय, इथे जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारते.

मुलगी नववीत आहे. अणूचा धडा वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, "आई, डाल्टन म्हणाला अणू फुटत नाही. मग त्यातून इलेक्ट्रॉन निघाला. मग केंद्रक निघालं. केंद्रकातून प्रोटॉन-न्यूट्रॉन निघाले, आणि प्रोटॉनमधून क्वार्क. दर वेळी आधीचे लोक चुकलेच होते. मग आत्ताचे बरोबर आहेत हे कशावरून?"

मला उत्तर देता आलं नाही. मी वाचलं होतं की हे प्रयोग म्हणजे दोन घड्याळं एकमेकांवर आपटायची आणि उडालेल्या स्प्रिंगा-चाकांवरून घड्याळाची रचना ओळखायची. हे खरंच असं असतं का? आणि एखादा कण 'मूलभूत' आहे हे कोण ठरवतं, कशाच्या आधारावर? नववीतल्या मुलीला समजेल असं सांगता आलं तर फार बरं होईल.

टिपणवही

आधी आजचा हिशेब मांडतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल. आजच्या माहितीनुसार पदार्थाचे १२ मूलभूत कण: ६ क्वार्क आणि ६ लेप्टॉन. लेप्टॉनमध्ये इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ आणि प्रत्येकाच्या जोडीचा एकेक न्यूट्रिनो (अतिशय हलका, कशालाही क्वचितच धडकणारा कण). शिवाय बलं वाहून नेणारे फोटॉन, ग्लुऑन, डब्ल्यू आणि झेड, आणि २०१२ साली सापडलेला हिग्ज, ज्याचा संबंध मूलभूत कणांना वस्तुमान मिळण्याशी आहे. गंमत अशी की तुम्ही, मी, दगड, पाणी, सगळं बनायला यातले फक्त तीन पुरतात: अप क्वार्क, डाउन क्वार्क आणि इलेक्ट्रॉन.

सोनचाफा

मुलीचा प्रश्न किती नेमका आहे! वाचतेय.

ध्रुवपद

काही वर्षं एका डिटेक्टरवर, म्हणजे टकरीतले कण टिपणाऱ्या यंत्रावर, संशोधन केलं आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

घड्याळाची उपमा सगळीकडे वापरतात, पण ती मुलीला सांगू नका असं कळकळीने सुचवतो. त्या उपमेने सगळ्यात महत्त्वाची गोष्टच चुकते. घड्याळातून जे उडतं ते आधीपासून घड्याळात असतं. कणांच्या टकरीत तसं नाही. टकरीतली ऊर्जा नव्या कणांत रूपांतरित होते, ते कण आधी कुठेही नव्हते.

एक उदाहरण घ्या. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन (प्रोटॉनचा उलट विद्युतभाराचा प्रतिकण) यांच्या टकरीत टॉप क्वार्क सापडला. त्याचं वस्तुमान सुमारे १७३ जीईव्ही (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक). प्रोटॉनचं आहे ०.९३८. म्हणजे ज्याला फोडून हा काढला असं आपण म्हणू, त्याच्या १८० पटींहून जास्त जड तो स्वतः आहे! टंगस्टनच्या एका अख्ख्या अणूइतका. पेरूतून हत्ती निघाला तर तो पेरूत होता असं आपण म्हणणार नाही. हत्ती तिथे तयार झाला.

मग आत काय आहे हे कळतं कसं? त्यासाठी फोडावं लागत नाही, चाचपावं लागतं. अंधाऱ्या खोलीत काहीतरी ठेवलंय आणि तुमच्याकडे फक्त गोळ्यांची पिशवी आहे असं समजा. गोळ्या मारत राहायच्या आणि कुठल्या कोनात किती परत येतात ते मोजायचं. वस्तू कापसासारखी असेल तर गोळ्या थोड्याशा वळून पार जातील. आत टणक खडा असेल तर एखादी थेट अंगावर उलटेल.

रदरफर्डच्या प्रयोगात हेच झालं. मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसून राहायचे, मग सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरचे एकेक ठिपके मोजायचे. किरणोत्सर्गी पदार्थातून सुटलेला अल्फा कण आपटला की तिथे क्षणभर बारीकशी चमक. धातूच्या पत्र्यावरून मागे उलटणारे कण त्यांना १९०९ मध्ये दिसले, सुमारे ८००० मध्ये एक. त्या एकामुळे १९११ मध्ये अणुकेंद्रक कळलं.

आणि १९६८ च्या सुमारास स्टॅनफर्डला तोच डाव पुन्हा टाकला गेला. या वेळी ३ किलोमीटर लांबीच्या त्वरकातून, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातून, इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर सोडले. प्रोटॉन मऊ लगदा असता तर मोठ्या कोनात फारच थोडे वळले असते. अपेक्षेपेक्षा खूप जास्त वळले. आत बारीक टणक काहीतरी आहे हे त्यावरून कळलं. फ्रीडमन, केंडॉल आणि टेलर यांना १९९० मध्ये त्याचं नोबेल मिळालं.

उनाडवारा

पेरूतला हत्ती आवडला. आता तो डोक्यातून जाणार नाही.

आडवाट

ध्रुवपद, माहितीपूर्ण प्रतिसाद, पण एक शंका राहते आणि ती मी जरा ठामपणे मांडतो. एकटा क्वार्क आजवर कोणीही पाहिलेला नाही. इलेक्ट्रॉन सुटा काढता येतो, तारेतून वाहतो, पडद्यावर आपटतो. क्वार्क कधीच सुटा मिळत नाही आणि मिळणारही नाही, असं सिद्धांतच सांगतो. मग जी गोष्ट तत्त्वतः वेगळी काढता येत नाही तिला 'घटक' म्हणणं कितपत बरोबर? ती हिशेबाची सोय नाही कशावरून? १९६४ मध्ये गेल-मान आणि झ्वाइग यांनी वेगवेगळी ही कल्पना मांडली, तेव्हा खुद्द गेल-मानसुद्धा या क्वार्कांच्या खरेपणाबद्दल हात राखून बोलत होते.

ध्रुवपद

आडवाट, शंका रास्त आहे आणि त्या काळी बहुतेकांची तीच होती. पण पुढे काय झालं ते पाहा.

दोन क्वार्क एकमेकांपासून ओढायला लागलात तर त्यांच्यातलं बल अंतराबरोबर कमी होत नाही. रबर ताणल्यासारखी ऊर्जा साठत जाते, आणि एका क्षणी नवा क्वार्क आणि प्रतिक्वार्क तयार करणं निसर्गाला स्वस्त पडतं. रबर तुटतं, पण हातात एक टोक येण्याऐवजी दोन पूर्ण रबरं येतात. म्हणून सुटा क्वार्क मिळत नाही.

पण त्याचा माग मिळतो. जोरात फेकलेल्या क्वार्कच्या दिशेने कणांचा झोत निघतो, त्याला आम्ही जेट म्हणतो. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरीतून क्वार्क आणि प्रतिक्वार्क निघाले तर डिटेक्टरमध्ये समोरासमोर दोन झोत दिसतात. १९७९ मध्ये हॅम्बुर्गच्या पेट्रा या यंत्रावर तीन झोतांच्या घटना दिसल्या: दोन क्वार्कचे आणि तिसरा ग्लुऑनचा. संगणकाच्या पडद्यावर अशी तीन पाकळ्यांची घटना पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो होतो. नुसत्या हिशेबाच्या सोयीला दिशा नसते.

टिपणवही

त्यात नोव्हेंबर १९७४ ची भर घालतो. टिंग यांचा गट ब्रुकहेवनला आणि रिश्टर यांचा गट स्टॅनफर्डला, दोघांनाही जवळजवळ एकाच वेळी एकच नवा कण सापडला. एकाने नाव ठेवलं जे, दुसऱ्याने साय. आजही त्याला जे-साय असं जोडनावच आहे. तो चार्म क्वार्क आणि त्याच्या प्रतिक्वार्कची जोडी निघाली. त्यानंतर क्वार्क ही नुसती गणिती सोय आहे असं म्हणणारे फारसे उरले नाहीत.

आडवाट

जेटचा मुद्दा पटला. 'सुटा मिळणे' ही कसोटीच मी चुकीची लावत होतो. तरी मूळ प्रश्न तसाच आहे. क्वार्कच्या आत काही नाही हे कुठे सिद्ध झालंय?

जुनी_पोथी

थोडं अवांतर होईल, पण विषय 'शेवटचा कण' असा असताना कणादाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या परंपरेतल्या वैशेषिकांनी परमाणू मानला तो एका सुंदर युक्तिवादाने. प्रत्येक वस्तूचे तुकडे अनंतापर्यंत होत राहिले तर मोहरीच्या दाण्यातही अनंत तुकडे आणि मेरू पर्वतातही अनंत तुकडे. मग दोघांचं आकारमान सारखंच व्हायला हवं. तसं ते नाही, म्हणजे तुकडे कुठेतरी थांबतात. आणि उन्हाच्या तिरपेत तरंगताना दिसतो तो त्रसरेणू: तीन द्व्यणुकांचा, प्रत्येक द्व्यणुक दोन परमाणूंचं.

हे सगळं आपल्याकडे आधीच ठाऊक होतं असा दावा मी करत नाही. प्रश्न मात्र तोच होता आणि फार चोख विचारला होता.

फळा_खडू

जुनी_पोथी, मोहरी आणि मेरूचा युक्तिवाद मी वर्गात सांगतो. मुलांना फार आवडतो, आणि मग त्यातली फट शोधायला लावतो. गणितात अनंताच्या बेरजा वेगळ्या मोठेपणाच्या असू शकतात, त्यामुळे तो युक्तिवाद आज टिकत नाही. पण 'कुठे थांबतं' हे विचाराने ठरवायचं की मोजून, हा फरक मुलांना त्यातून छान कळतो. प्राचीन ग्रीसमधला डेमोक्रिटस काय किंवा कणाद काय, त्यांच्याकडे मोजायचं साधन नव्हतं. गायगरकडे चमकणारा पडदा आणि सूक्ष्मदर्शक होता.

आणि फोटॉन, ग्लुऑन, हिग्ज अशा कणांना बोसॉन म्हणतात, तो शब्द आपल्या सत्येंद्रनाथ बोसांवरून आला हे वर्गात सांगितलं की मुलं पाठ ताठ करून बसतात.

दीपमाळ

मी भौतिकशास्त्राची नाही, पण सर्नला, म्हणजे जिनिव्हाजवळच्या युरोपच्या कणभौतिकी प्रयोगशाळेत, यंत्र बंद असण्याच्या काळात अभ्यागत म्हणून जाऊन आले आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते.

डोक्याला हेल्मेट घालून लिफ्टने सुमारे १०० मीटर खाली गेलो. समोर सीएमएस डिटेक्टर. २१ मीटर लांब, १५ मीटर उंच आणि वजन १४,००० टन. आकडे आधी वाचले होते, पण समोर उभं राहिल्यावर आकडे विसरायला होतं. कांदा उभा चिरल्यासारखे थरावर थर, आणि प्रत्येक थरातून निघणाऱ्या केबलींचे भारे. ज्याचा आकार मोजता येत नाही इतक्या बारीक कणासाठी एवढं प्रचंड यंत्र!

तिथे लेड टंगस्टेटचा एक स्फटिक हातात घ्यायला दिला. दिसायला स्वच्छ काच. हातात घेतला तर हात खाली गेला, इतका जड. लोखंडापेक्षाही त्याची घनता जास्त आहे. असे ७५,००० हून जास्त स्फटिक त्या डिटेक्टरमध्ये बसवले आहेत. इलेक्ट्रॉन किंवा फोटॉन त्यात शिरला की स्फटिकात प्रकाश उमटतो आणि त्या प्रकाशावरून ऊर्जा मोजतात. हिग्ज ज्या दोन फोटॉनांतून ओळखू आला, ते या स्फटिकांनीच टिपले. त्या तुकड्याचं वजन अजून तळहाताला आठवतं.

सोनचाफा

दीपमाळ, किती सुंदर लिहिलंत. एक भाबडा प्रश्न: यंत्र इतकं मोठं लागतंच का?

टिपणवही

जितकं बारीक बघायचं तितकी ऊर्जा जास्त लागते. साध्या प्रकाशाच्या लहरी अणूपेक्षा हजारो पटींनी लांब असतात, म्हणून प्रकाशाने अणू दिसत नाही. ऊर्जा वाढवली की लहर आखूड होते. आणि ऊर्जा वाढवलेल्या प्रोटॉनला वर्तुळात वळवत ठेवायचं तर एक तर चुंबक अतिशय बलवान हवा किंवा वर्तुळ मोठं हवं. सर्नच्या एलएचसी या महात्वरकात दोन्ही आहे. २७ किलोमीटरचा घेर आणि प्रत्येकी १५ मीटर लांबीचे १२३२ मुख्य चुंबक, तेही उणे २७१ अंशांवर, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम १.९ अंश वर. प्रोटॉन त्या घेराला सेकंदाला ११,००० हून जास्त फेऱ्या मारतात.

उनाडवारा

सेकंदाला ११,००० फेऱ्या. हे वाक्य तीनदा वाचलं.

हिशेबी

सगळ्यांचा उत्साह समजतो, पण मला एक प्रामाणिक आक्षेप नोंदवायचा आहे. २०१२ मध्ये हिग्ज सापडला. त्यानंतर त्या यंत्रातून नवा मूलभूत कण एकही नाही. आता ९१ किलोमीटर घेराच्या नव्या यंत्राचा प्रस्ताव आहे. तेवढ्या पैशात आणि मनुष्यबळात आरोग्य, ऊर्जा, हवामान यांवर किती काम होईल! आणि पुढच्या यंत्रात काही सापडेलच याची हमी कोणी देत नाही.

फळा_खडू

हिशेबी, वर्ल्ड वाइड वेब सर्नलाच जन्मलं, १९८९ मध्ये. शास्त्रज्ञांना आपसात माहिती वाटून घ्यायला सोपं जावं म्हणून. रुग्णालयातल्या पेट स्कॅनमधला 'पी' म्हणजे पॉझिट्रॉन, जो १९३२ मध्ये अंतराळातून येणाऱ्या किरणांत सापडला. तेव्हा त्याचा उपयोग कोणी विचारला असता तर उत्तर नव्हतं.

ध्रुवपद

फळा_खडू, मुद्दे खरे आहेत, पण मी स्वतः ही बाजू अशी मांडत नाही. वेबसाठी २७ किलोमीटरचा बोगदा लागत नव्हता. हे यंत्र आपण एवढ्यासाठी बांधतो की जग कशाचं बनलंय ते जाणून घ्यायचं आहे, आणि ते जाणण्याचा दुसरा मार्ग मिळालेला नाही. हे कारण समाजाला पुरेसं वाटतं का, हे समाजाने ठरवावं. १९९३ मध्ये अमेरिकेने टेक्ससमधला ८७ किलोमीटर घेराचा महात्वरक वीस किलोमीटरहून जास्त बोगदा खणून झाल्यावर रद्द केला. त्यात कित्येकांच्या उमेदीची वर्षं गेली.

हिशेबी म्हणतात ती हमी मीही देऊ शकत नाही. एलएचसीला ती होती, कारण हिग्ज नसता तर त्या ऊर्जेला दुसरं काहीतरी दिसायलाच हवं होतं. पुढच्या यंत्राला तशी नाही. तरी मला ते व्हावंसं वाटतं. हिग्ज स्वतःशी कसा वागतो हे आपण अजून नीट मोजलेलंच नाही.

हिशेबी

हे उत्तर मला जास्त पटतं. मत पूर्ण बदललं नाही, पण निदान आता वाद कशाबद्दल आहे ते कळलं.

जुनी_पोथी

हिग्जला वर्तमानपत्रं 'देवकण' म्हणतात ते बरोबर आहे का?

टिपणवही

ते नाव त्या क्षेत्रातल्या बहुतेकांना आवडत नाही. आणि त्या नावामुळे 'सगळ्याला वस्तुमान हिग्जमुळेच मिळतं' असा गैरसमजही पसरला. प्रोटॉनमधल्या तीन क्वार्कांची वस्तुमानं मिळवली तर प्रोटॉनच्या वस्तुमानाचा जेमतेम एक टक्का भरतो. बाकीचं आतल्या क्वार्क आणि ग्लुऑनच्या ऊर्जेतून येतं. आपलं वजन म्हणजे बहुतांशी कोंडलेली ऊर्जा आहे.

सोनचाफा

हे मला माहीत नव्हतं. अजून त्यातून बाहेर आले नाही.

आडवाट

चुकांबद्दलही बोलायला हवं. २०११ मध्ये सर्नहून ७३० किलोमीटर दूर इटलीत पाठवलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचले अशी बातमी जगभर गाजली. पुढच्या वर्षी कळलं की एक ऑप्टिकल फायबरची केबल नीट बसली नव्हती. डिसेंबर २०१५ मध्ये एलएचसीच्या दोन्ही मोठ्या प्रयोगांत मोजणीच्या आलेखात ७५० जीईव्हीपाशी उंचवटा दिसला, म्हणजे नव्या कणाची शक्यता वाटली. त्यावर शेकडो शोधनिबंध आले. ऑगस्ट २०१६ पर्यंत जास्त माहिती जमली आणि उंचवटा विरून गेला. मग विश्वास कधी ठेवायचा?

ध्रुवपद

यासाठीच 'पाच सिग्मा' हा दंडक आहे. नवा कण नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका मोठा उंचवटा दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक असेल, तेव्हाच 'शोध' हा शब्द वापरायचा. ७५० चा उंचवटा तिथवर पोहोचलाच नव्हता. पण पाच सिग्मा केबलीच्या चुकीपासून वाचवत नाही. तिथे वेगळ्या गटाने, वेगळ्या यंत्राने मोजणं हाच उपाय. म्हणून हिग्जसाठी अ‍ॅटलस आणि सीएमएस असे दोन स्वतंत्र प्रयोग होते.

मी काम करत होतो तिथे एका रात्री एका चॅनेलवर ठरावीक वेळाने संकेत येत होते. अगदी नियमित. दोन रात्री आम्ही झोपलो नाही. शेवटी एका पंख्याच्या कंपनाने एक कनेक्टर सैल झाला होता असं निघालं. तो सैल कनेक्टर बोटाने दाबला आणि पडद्यावरचे संकेत थांबले, तो क्षण मी कधी विसरणार नाही. मन खट्टू झालं, पण नंतर दर वेळी काही नवं दिसलं की आधी हात केबलीकडे जायचा.

दीपमाळ

मार्गदर्शकाने आणखी एक गोष्ट सांगितली होती ती खरी का? चंद्रामुळे यंत्रात फरक पडतो म्हणे?

टिपणवही

अगदी खरी. त्याच बोगद्यात आधी १९८९ ते २००० लेप हे यंत्र होतं, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचं. तिथे किरणांची ऊर्जा दिवसातून थोडी वरखाली व्हायची. कारण समुद्राला भरती येते तसा जमिनीचा कवचही चंद्रामुळे किंचित फुगतो, आणि २७ किलोमीटरच्या घेरात सुमारे एक मिलिमीटरचा फरक पडतो. जिनिव्हा सरोवराच्या पाण्याची पातळीही जाणवायची. आणि दिवसा होणारी एक गूढ गडबड जवळून जाणाऱ्या वेगवान रेल्वेगाड्यांच्या विजेची निघाली.

एवढं सगळं वजा करून त्यांनी झेड कणाचं आयुष्य मोजलं आणि त्यावरून हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार किती ते काढलं. उत्तर आलं २.९८. म्हणजे तीन. चौथा हलका न्यूट्रिनो नाही. एकही न्यूट्रिनो न बघता न्यूट्रिनो मोजले!

उनाडवारा

आणि तीनच का? इलेक्ट्रॉनसारखाच पण २०७ पट जड म्युऑन, त्याहून जड टाऊ. त्यांची गरज काय?

टिपणवही

कोणालाच माहीत नाही. १९३६ मध्ये म्युऑन सापडला, आणि पुढे तो काय आहे ते उमगलं तेव्हा इझिडोर राबी यांनी विचारलं होतं म्हणे, "हा कोणी मागवला?" प्रश्न अजून उभा आहे.

जुनी_पोथी

न्यूट्रिनोंचा विषय निघालाच आहे तर कोलारच्या सोन्याच्या खाणीची आठवण करून देतो. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो १९६५ मध्ये जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल तिथे टिपले गेले. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतही दुसऱ्या गटाने टिपले. सोनं काढायला खणलेल्या खाणीत असा शोध लागला याचा मला फार अभिमान वाटतो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार, मुलीला रोज रात्री एकेक प्रतिसाद वाचून दाखवते. पेरूतला हत्ती तिने वहीत काढलाय. पण ती मूळ प्रश्न सोडत नाहीये. आडवाट यांनीही तेच विचारलं होतं. आत्ताचे बरोबर कशावरून? इलेक्ट्रॉनच्या आत काही नाही हे कसं कळलं?

ध्रुवपद

तिला आधी हे सांगा की 'आत काही नाही' असं कुणीही म्हणत नाही. आपण म्हणतो, 'इथपर्यंत पाहिलं, इथपर्यंत काही दिसलं नाही'. 'मूलभूत' या शब्दाच्या शेजारी नेहमी एक अंतर लिहायला हवं. इलेक्ट्रॉन आणि क्वार्कसाठी ते अंतर आज मीटरच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग, त्याहूनही बारीक. प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून लहान.

आणि आधीचे लोक चुकले असंही नाही. डाल्टनचा अणू रासायनिक क्रियेत आजही फुटत नाही. त्याच्या हातातल्या साधनांनी जेवढं दिसत होतं तेवढं त्याने बरोबर सांगितलं.

आता, आत काही असेल तर त्याच्या खुणा काय असतील? अणूला आतले घटक आहेत म्हणून त्याला उत्तेजित अवस्था असतात, तो ठरावीक रंगांचा प्रकाश देतो. प्रोटॉनलाही अशा अवस्था आहेत. इलेक्ट्रॉनची उत्तेजित अवस्था शोधायचा पुष्कळ प्रयत्न झाला, आजवर मिळालेली नाही. दुसरी खूण म्हणजे इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व. ते अब्जात एक भागाहूनही बारीक मोजलं गेलंय आणि बिंदूवत कण धरून केलेल्या गणिताशी जुळतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. इतक्या छोट्या जागेत काही कोंडलं तर अनिश्चिततेच्या नियमाने त्याला प्रचंड ऊर्जा येते, सुमारे २०० जीईव्ही. पण इलेक्ट्रॉनचं स्वतःचं वस्तुमान आहे ०.०००५ जीईव्ही. म्हणजे आत घटक असतील तर त्यांची ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या सुमारे चार लाख पट हवी, आणि ती सगळी काहीतरी होऊन जवळजवळ पूर्ण वजा व्हायला हवी. अशक्य नाही, पण ते कसं व्हावं हे कुणाला पटेल असं सांगता आलेलं नाही.

उलट बाजूही तिला सांगा. मूलद्रव्यांची संख्या वाढून त्यांचं कोष्टक बनलं, त्यातून कळलं की आत रचना आहे. पुढे शेकडो कण सापडले, त्यांचेही तक्ते बनले, त्यातून क्वार्क निघाले. आज आपल्याकडे १२ कणांचा तीन पिढ्यांचा तक्ता आहे. त्यामुळे तिला संशय येतोय तो बिनबुडाचा नाही.

आडवाट

शेवटचा परिच्छेद वाचून धागा वाचल्याचं सार्थक झालं.

फळा_खडू

रानजाई, घरी क्लाउड चेंबर करून बघा, म्हणजे जाणाऱ्या कणांच्या वाटा धुक्यातल्या रेघांसारख्या दाखवणारा डबा. काचेचा रिकामा पारदर्शक डबा, वरच्या बाजूला आतून चिकटवलेलं जाड फेल्ट, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवायचं. तळाला काळा केलेला धातूचा पत्रा आणि त्याखाली ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड). डबा घट्ट बंद, खोलीत अंधार, बाजूने टॉर्च. ड्राय आइसला उघडा हात लावू नका, खिडकी उघडी ठेवा, आसपास ज्योत नको. दहा-पंधरा मिनिटांनी तळाशी पातळ धुकं धरतं आणि त्यात रेघा उमटू लागतात. आखूड जाड रेघ अल्फाची, लांब सरळ रेघ बहुधा म्युऑनची, बारीक वेडीवाकडी इलेक्ट्रॉनची.

रानजाई

केलं! काल रात्री. पहिला अर्धा तास काहीच नाही, मुलगी रडकुंडीला आली. डब्याच्या कडेला फट होती, ती टेप लावून बुजवली. मग एकदम एक रेघ. पांढरी, केसाइतकी बारीक, डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दोन सेकंदांत विरून गेली. आम्ही दोघी ओरडलो.

नंतर तिने मोजायला घेतलं, वीस मिनिटांत ६३. त्यातली एक मात्र वेगळी होती. सरळ येऊन मध्येच कोन करून वळलेली. ती विचारतेय, तिथे म्युऑन फुटला का?

ध्रुवपद

अभिनंदन दोघींचं! म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत विघटन पावतो, आणि मंदावलेला म्युऑन डब्यात थांबला तर त्यातून निघालेल्या इलेक्ट्रॉनची रेघ अशीच कोन करून निघते. पण एखादा इलेक्ट्रॉन वाटेत हवेतल्या अणूला धडकून वळला तरी असंच दिसतं. कोनाच्या आधीची आणि नंतरची रेघ जाडीला सारखी होती का? म्युऑन असेल तर थांबण्याआधी त्याची रेघ जाड होत जाते. फोटो आहे का?

रानजाई

फोटो नाही, आणि जाडी बघायचं सुचलं नाही. ड्राय आइसही संपलं. तिने वहीत रेघ काढून शेजारी वेळ लिहिली आहे, आणि त्याखाली 'म्युऑन?'. शनिवारी पुन्हा करणार आहोत, मोबाइल स्टँडवर लावून.

फळा_खडू

टॉर्च पत्र्याला अगदी समांतर धरा आणि मोबाइल वरून, तिरपा नको. रेघा जास्त ठळक येतात.